पाटलांच्या घरचा दावा

आमच्या घरात खापरपणजोबांचं नाव निघालं की पाठोपाठ त्यांचा घोडा निघायचा. इंग्रजी अमलातले पोलीस पाटील, दरोडेखोरांना चावडीच्या खांबाला बांधणारे, साहेबासमोर मान न झुकवणारे! आजी सांगायची, चुलते भर घालायचे. पुरावा म्हणाल तर माळ्यावरची गंजकी तलवार.

निवृत्तीनंतर मी त्यांचा माग काढायला लागलो. सुरुवात नाशिकच्या तीर्थोपाध्यांपासून केली. गाव आणि आडनाव सांगताच त्यांनी घराण्याची वही काढली. कोण कुणाच्या अस्थी घेऊन आलं होतं, सोबत कोण होतं, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं. नावं मिळाली, पण माणूस मिळेना.

मग कायद्याची पुस्तकं चाळली. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पाटलाला बरंच काही करायला लावलं होतं. गुन्ह्याची खबर वर पाठवायची, विहिरीत प्रेत सापडलं तर पंच गोळा करून पंचनामा करायचा. किरकोळ मारामारी किंवा शिवीगाळ केली, तर माणसाला २४ तासांपर्यंत चावडीत कोंडायचा अधिकारही त्याला होता. घोड्यापेक्षा कागदाचंच काम जास्त. आणि ही पाटीलकी म्हणजे वतन. भाऊबंदांच्या तक्षिमा पडलेल्या, कोणाची पाळी कधी यावरून कुरबुरी ठरलेल्या. १८७४ च्या वतन कायद्याने वतनदारांची नावं सरकारी रजिस्टरात आली आणि या कुरबुरी कचेरीत पोचल्या.

आमचीही पोचली होती. जुन्या दप्तरातला एक रुमाल सोडला, तर आत फसली १२९८ चे, म्हणजे १८८८-८९ चे कागद. सगळी मोडी. शब्द सुटे नाहीत, ओळ एका दमात ओढलेली. मला आपलं गावाचं नाव तेवढं लागलं. मोडी वाचणाऱ्या एका जाणत्या गृहस्थांना शेजारी बसवलं. ते वाचत गेले आणि मी लिहून घेत गेलो.

अर्ज एका विधवेचा होता. खापरपणजोबांच्या थोरल्या भावाची बायको. नवरा निपुत्रिक वारला, त्याची तक्षीम आपल्या नावे व्हावी, अशी तिची मागणी. सामनेवाला कोण, तर आमचे घोडेवाले पाटील! बाईमाणसाला पाटीलकी कशी चालेल, असा त्यांचा जबाब. १८८६ च्या दुरुस्तीने वतनी घरातल्या बायकांचा हक्क पुरुषांच्या मागे ढकलला होता खरा, पण शेवटच्या वतनदाराच्या विधवेला त्यातून वगळलं होतं. बाईंना कोणीतरी हे नीट समजावलेलं दिसतं. जबाबाखाली पाटलांची निशाणी नांगर, अर्जाखाली तिची निशाणी बांगडी. दोघांनाही लिहिता येत नव्हतं.

हक्क शाबीत करायला तिने मूळपुरुषापासून वंशावळ जोडली होती. कोण कुणाचा, कोण दत्तक, कोणाची शाखा बुडाली, सगळं नावानिशी. आमच्या घराण्याची सर्वांत जुनी लेखी वंशावळ ती हीच. निकाल तिच्या बाजूने गेला. तिची पाळी आली की चाकरी गुमास्त्याने करावी, असा हुकूम झाला.

चुलत्यांना वाचून दाखवलं. थोडा वेळ ते सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "अरे, ज्यांच्या नावावर आपण मोठे झालो, त्यांनीच भावजयीला नाडलं, हे कशाला चव्हाट्यावर आणतोस? तिचं नाव घाल हवं तर. दाव्याचं नको."

"अण्णा, दावा वगळला तर ही नावं आली कुठून म्हणून सांगू?"

त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. वंशावळ छापली तेव्हा तळाशी मी स्वच्छ लिहिलं, की ती एका विधवेच्या अर्जातून घेतली आहे, आणि तो अर्ज आमच्या खापरपणजोबांविरुद्ध होता. अण्णांनी वर्गणी दिली. प्रती मात्र भाऊबंदांत त्यांनी स्वतः वाटल्या नाहीत, ते काम माझ्यावर टाकलं.