आमच्या टॅक्सीचे घराणे

इटलीला जाणारा माणूस रोम पाहतो, व्हेनिस पाहतो आणि परत येतो. मिलान आणि वेरोना यांच्या मधल्या ब्रेशिया गावी सहसा कोणी उतरत नाही. आम्ही उभयता एका जूनमध्ये तिथे मुद्दाम उतरलो, तेही मोटारी पाहायला. "मोटारी काय दादरला कमी आहेत?" हा सौभाग्यवतींचा प्रश्न मी निमूटपणे ऐकून घेतला होता.

1927 ते 1957 या काळात, मधली काही वर्षे सोडली तर, ब्रेशियाहून रोम आणि रोमहून पुन्हा ब्रेशिया अशी हजार मैलांची शर्यत होई. तिचे नावच 'मिले मिल्या', म्हणजे हजार मैल. वेगळे मैदान नाही. नेहमीचेच रस्ते, घाट आणि गावातले चौक. गाड्या ठरावीक अंतराने एकेक सुटत. पुढेपुढे तर गाडीचा क्रमांक हीच तिची सुटायची वेळ असे. 1955 साली जिंकलेल्या स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजवर 722 हा आकडा होता. म्हणजे सकाळी 7 वाजून 22 मिनिटे. लहान गाड्या आदल्या रात्रीच निघत. बलदंड पाहुणे येण्याआधी गरिबांनी पंगतीत जागा धरावी, तशातलाच प्रकार!

आता ही शर्यत वेगाची नाही. दिलेले अंतर नेमक्या वेळात काटणे हा तिचा कस. आणि त्या जुन्या शर्यतीत ज्या जातीच्या गाड्या धावल्या, त्यांनाच प्रवेश. पियाझ्झा व्हिट्टोरियाच्या चौकात त्या तपासणीसाठी उभ्या होत्या. लालभडक फेरारीशेजारी एक इझेत्ता दिसली. अंड्यासारखा आकार, इंजिन अवघे 236 सी.सी.चे आणि दार पुढच्या बाजूला, शीतकपाटासारखे. असली बाहुली 1954 साली खरोखर हजार मैल धावली होती.

एवढ्यात सौभाग्यवतींनी माझी बाही ओढली. "अहो, ही तर आपली डुक्कर फियाट!"

तीच होती. फियाट 1100. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात, कुर्ल्याला, तिची भावंडे तयार झाली. पुढे त्याच कुळातली पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली. बोरीबंदरला ट्रंका, वळकट्या आणि पाच माणसे पोचवणारी ती गाडी आम्ही कधी शर्यतीची मानली नाही. पण तिच्या 1089 सी.सी.च्या इंजिनाचे घराणे मोठे!

1947 साली, युद्धानंतरच्या पहिल्या मिले मिल्यात, ताझियो नुव्होलारी उतरला. वय 54, प्रकृती ढासळलेली, दोन्ही मुलगे ऐन तारुण्यात गेलेले. त्याची चिमुकली, उघडी चिसितालिया फियाट 1100 चे इंजिन आणि इतर भाग घेऊनच बांधलेली होती. समोर बियोंदेत्तीची अल्फा रोमिओ. तिचे इंजिन अडीच पटींहून मोठे. तरी रोमला नुव्होलारीच पुढे! परतीच्या वाटेवर पावसाने झोडपले, इंजिनाच्या विजेच्या जोडणीत पाणी शिरले आणि गाडी थांबली. ती पुन्हा चालू करून तो ब्रेशियाला पोचला तो दुसरा, सोळा मिनिटे मागे. तिसरी आणि चौथी आली तीही चिसितालियाच.

मोठ्या इंजिनांच्या हव्यासाची किंमत मात्र दुसऱ्यांनीच मोजली. 12 मे 1957 रोजी गुइदिझ्झोलोजवळ एका फेरारीचे टायर फुटले. चालक, त्याचा सोबती आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक गेले. त्यांत पाच मुले होती. वेगाची ती शर्यत तिथेच संपली.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस निवृत्त झाली. निरोप चांगला झाला, पण तो आठवणींचा होता, पराक्रमाचा नव्हता. संसाराचे ओझे वाहणाऱ्यांचा पराक्रम आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. ब्रेशियाच्या चौकात मात्र फियाटवरही फेरारीइतक्याच मापाचा क्रमांक रंगवलेला होता, आणि तपासनीस तिच्यापुढेही तितकाच वेळ वाकून उभा होता.