मुताची पिशवी

बापानं १९५६ साली दीक्षा घेतली अन् मेलेली ढोरं ओढायची सोडली. १९९१ साली मी नर्स झाले. पहिल्या सुट्टीत घरी गेले तर त्यानं इचारलं, "पोरी, दवाखान्यात काय काम करतीस?" मी म्हणाले, "पेशंटला लघवीची नळी लावते, पिशवी सांभाळते." बाप गप्प झाला. मग म्हणाला, "घाण सुटावी म्हून तुला शिकवली, अन् तू लोकांचं मूत धरतीस?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण वॉर्डातही तेच चाललं होतं. आडनाव कळलं त्या दिवसापासून पिशव्या रिकाम्या करायची ड्युटी माझी. बाकीच्या पोरी इंजेक्शनं द्यायच्या.

एका म्हाताऱ्याला आठ दिवस नळी होती. तो माझ्या हातचं पाणी घेत नव्हता. मूत मात्र माझ्याच हाती. एक दिवस त्याला थंडी वाजून ताप भरला. बघते तर नातेवाइकांनी पिशवी उचलून त्याच्या पोटाशी ठेवलेली. साचलेली लघवी उलटी आत जाणार नाही तर काय? पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगायची, जमिनीला टेकू द्यायची नाही. उच्चनीच मी एवढीच मानते.

डॉक्टरांनी कल्चर सांगितलं. सीनियर सिस्टर नाक धरून म्हणाली, "पिशवीतलंच भर गं." मी नाही भरलं. पिशवीत तासन्‌तास साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. रिपोर्ट फसवा येतो, औषध चुकतं. मी हात धुतले. पिशवीच्या नळीला चिमटा लावून पंधरा मिनिटं थांबले. मग रबरी नळी स्पिरिटनं पुसली, वाळू दिली, फुग्याची वाट चुकवून निर्जंतुक सुईनं ताजी लघवी ओढली. चिमटा आठवणीनं काढला. बाटलीवर नाव-वेळ लिहून लगोलग लॅबला नेली. रिपोर्ट बघून औषध बदललं. म्हातारा उतरला तापातून. पाणी शेवटपर्यंत दुसरीकडूनच घेतलं त्यानं.

त्या संध्याकाळी मी मेट्रनकडं गेले. म्हणाले, "हे काम हलकं नाही, चुकलं तर माणूस जातं. मी ते करीन. पण ड्युटी सगळ्यांना लावा." पुढच्या आठवड्याच्या तक्त्यात सगळ्यांची नावं आली.

बापाला तेव्हा सांगितलं, "बाबा, ढोर तुमच्या अंगावर जातीनं टाकलं होतं. हे मी शिकून हातात घेतलंय. अन् आता एकटी धरत नाही."