मर्माचा शोध

श्रमलेल्या जिवाला झोपेसारखी दुसरी माउली नाही. परंतु आफ्रिकेच्या काही भागांत ही माउलीच वैरीण होते. तेथील नदीकाठच्या झाडीत त्सेत्से नावाची माशी वावरते. तिच्या दंशातून एक सूक्ष्म परोपजीवी जंतू माणसाच्या रक्तात शिरतो आणि कालांतराने मेंदूपर्यंत पोचतो. मग रोगी दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा राहतो. त्याची वाणी अडखळते, बुद्धी भ्रमते. उपचार न झाल्यास तो बहुधा मृत्यूच्या स्वाधीन होतो. या विकाराला निद्रारोग म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठची गावेच्या गावे त्याने ओस पाडली.

हा शत्रू मोठा मायावी आहे. शरीराचे रक्षक त्याला ओळखू लागतात न लागतात, तोच तो आपल्या अंगावरील प्रथिनांचे आवरण बदलतो. बहुरूप्याप्रमाणे तो सोंगावर सोंग घेतो. म्हणूनच या रोगावर लस साधलेली नाही. औषधाची वाटही बिकटच. जंतूच्या पेशीचे व्यवहार पुष्कळ अंशी माणसाच्या पेशीसारखेच असतात. मग जे विष जंतूला मारील, ते रोग्याला कसे सोडील? १९४९ साली मेलार्सोप्रॉल हे सोमलयुक्त औषध प्रचारात आले. त्याने अनेकांना वाचविले; परंतु ते घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे पाच रोगी त्या औषधानेच दगावत.

भीमाने जरासंधाची दोन शकले केली, तरी ती पुन्हा जुळत. श्रीकृष्णाने काडी चिरून खूण दाखविली, तेव्हा कोठे त्याचा वध झाला. शास्त्रज्ञही जंतूचे असेच मर्म शोधतात. जे जंतूच्या जीविताला अत्यावश्यक आहे, पण मानवी देहात नाही किंवा निराळे आहे, तेच त्याचे मर्म. १९७७ साली ओपरडूस व बोर्स्ट या संशोधकांना आढळले, की साखरेपासून शक्ती मिळविण्याचे बरेचसे काम हा जंतू पेशीतील एका खास कप्प्यात करतो. मानवी पेशीत असा कप्पा नाही. १९८५ साली फेअरलॅम व सेरामी यांनी जंतूचे रक्षण करणारे ट्रायपॅनोथायोन हे द्रव्य ओळखले. तेही माणसात नसते. २००५ साली जंतूच्या सुमारे नऊ हजार जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि या शोधाला जणू नकाशाच लाभला.

पण मर्म सापडले म्हणजे रोगी वाचलाच, असे नाही. एफ्लॉर्निथिन हे औषध जंतूच्या वाढीस लागणाऱ्या एका विकराला निकामी करते. १९९० साली त्याला मान्यता मिळाली. तथापि रोगी पडले निर्धन. नफा नाही म्हणून पुढे त्याचे उत्पादन थांबले. त्याच द्रव्याचे चेहऱ्यावरील केस रोखणारे मलम मात्र धनिक देशांत विकले जाऊ लागले! डॉक्टरांनी व जागतिक आरोग्य संघटनेने पाठपुरावा केला, तेव्हा २००१ साली ते औषध गरिबांसाठी पुन्हा विनामूल्य मिळू लागले. २०१८ साली तर पोटात घ्यावयाच्या फेक्सिनिडॅझोलच्या गोळ्यांना मान्यता मिळाली. १९९८ साली या रोगाच्या सुमारे चाळीस हजार रोग्यांची नोंद झाली होती. २०१८ साली ती संख्या हजाराच्या आत आली.

जंतूचे मर्म बुद्धीला सापडते. परंतु औषध झोपडीपर्यंत पोचविण्यास करुणाच लागते. या दोहोंची जेथे गाठ पडते, तेथेच विद्या सफल होते.