शेवट आधी सांग

माझी भाची सातवीत आहे आणि तिला वाचायचा कंटाळा आहे. घरात पुस्तकं नाहीत असं नाही. मी शिक्षिका, तिचे आजोबा अजून रोज पोथी उघडून बसतात. ‘किशोर’ घरी येतो, त्यातलं शब्दकोडं ती पाच मिनिटांत सोडवते आणि अंक बाजूला टाकते. फास्टर फेणेबद्दल तिचं मत एवढंच, की तो सारखा पळतच राहतो. ताम्हनकरांचा गोट्या तिला ‘लई शहाणा’ वाटला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोबाईलवरून मायलेकींची रोजची वाजावाजी ऐकून शेवटी मी तिला सरळच विचारलं, तुला वाचायचं तरी काय आहे बाई? तर म्हणाली, ‘‘लव्हस्टोरी असंल तर वाचते, मावशी. पण शेवट आधी सांगायचा.’’

ही अट कुठून आली ते मला माहीत होतं. ‘सैराट’ टीव्हीवर लागला की ती मध्यंतरापर्यंत पाहते आणि पुढे चॅनल बदलते. एकदा शेवट पाहिलेला आहे, तेवढा पुरे. विहीर, बुलेट, चिठ्ठी घेऊन धावणारं ते छोटं पोरगं, इथपर्यंतचं तिला तोंडपाठ आहे.

बहीण तिथंच भाकरी थापत होती. परातीतला हात थांबला. ‘‘ताई, तुला दुसरं काही सुचंना का? वाचत नाही तर नाही वाचत. हे कुठलं खूळ डोक्यात भरून देऊ राहिली तिच्या?’’

शहरातल्या कुणाला तिचं हे बोलणं मागासलेपणाचं वाटेल. मला वाटलं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आमच्या जालना जिल्ह्यातल्या विशीतल्या पोरींपैकी तिघींमागे एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. वर्गात मी ते आकड्याविना पाहते. आठवीनववीतल्या एखादीच्या दप्तरात चिठ्ठी सापडते, किंवा सापडली अशी नुसती कुजबूज होते, आणि दिवाळीनंतर ती शाळेत येतच नाही. पुस्तकातलं प्रेम कुणाचं काही बिघडवत नाही, पण गावाला ते कळलं तर गाव बिघडवतं, हे बहिणीला माझ्यापेक्षा नीट कळतं. म्हणून वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, की आधी मी वाचीन, मग तू बघ, मग तिला देऊ. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि काही बोलली नाही. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

आमच्या जाफराबादेत पुस्तकाचं दुकान म्हणजे गाईड, वह्या आणि स्कॉलरशिपचे सराव संच. कादंबरी हवी तर वाचनालय. तिथली कपाटं मी उघडली तेव्हा प्रेमाला काही तोटा नव्हता. ना. सी. फडके होते, बाबा कदम होते, कुसुम अभ्यंकर आणि शैलजा राजे यांच्या तर रांगा होत्या. सगळ्यांना खाकी पुठ्ठा, कण्यावर पांढऱ्या रंगात नंबर, आत तारखांची चिठ्ठी. एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर कुणीतरी निळ्या बॉलपेननं लिहून ठेवलं होतं, ‘शेवट पटला नाही’, आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘मग तुम्ही लिहा’.

फडके मी पहिल्यांदा बाजूला ठेवले. चावटपणामुळे नव्हे. त्यांचे नायक टेनिस खेळतात, मोटारीतून फिरतात, नायिका चहाचा कप पुढे करताना सुद्धा देखण्या दिसतात. ‘दौलत’ १९२९ची. तेव्हाच्या पुण्यामुंबईच्या कॉलेजकुमारांना त्यात आपलं स्वप्न दिसलं असेल. केळणा आणि पूर्णेच्या संगमावर वाढलेल्या आणि एसटीच्या पासावर शाळेत जाणाऱ्या मैत्रिणी असलेल्या पोरीला त्यात दिसणार काय? आजच्या बारा वर्षांच्या पोरीला ते चावट नाही, कंटाळवाणं वाटेल, आणि कंटाळ्यावर औषध शोधायला तर मी निघाले होते.

चंद्रकांत काकोडकरांचं एक पुस्तक हातात घेतलं तर ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. काकोडकरांचं नाव अजून असंच घेतलं जातं. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयानं दोषी धरलं आणि १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. त्या निकालात कोवळ्या वयाच्या वाचकांचाही विचार आहे. असे प्रसंग वाचले म्हणून पोरं बिघडतातच असं खात्रीनं म्हणता येणार नाही, असं न्यायालयाला वाटलं. हे मी बहिणीला सांगितलं नाही. तिचं न्यायालय वेगळं आहे. गंमत अशी, की आमच्या एका नातलगांनी, ते निवृत्त मुख्याध्यापक, ‘‘तिला ‘ययाति’ द्या, उत्तम संस्कार होतील’’ असं सुचवलं. कामवासनेनं पिसाळलेल्या आणि मुलाचं तारुण्य मागून घेणाऱ्या राजाची गोष्ट, बारा वर्षांच्या मुलीला! पण खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालेलं असल्यामुळे त्या पुस्तकाकडे कुणी चष्म्यावरून पाहत नाही.

कपाटं पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. बालविभागातल्या पोरांना कुणी आवडतच नाही. ती गुप्तहेर पकडतात, सहलीला जातात, आईला मदत करतात. मोठ्यांच्या विभागात शिरलं की पहिल्याच पानावर माणसं कॉलेजात नाही तर लग्नाची. पोटात गोळा येणं, बाकावरची जागा बदलणं, हजेरीत एक नाव आलं की कान टवकारणं, हे ज्या वयात होतं त्या वयाचं कपाटच नाही. रजिस्टरातही नाही: ‘बाल’, आणि मग थेट ‘कादंबरी’.

प्रकाश नारायण संतांचा लंपन आठवला. ‘वनवास’मधल्या लंपनला सुमी आवडते आणि ते त्याला नीट सांगताही येत नाही. माझ्या मते मराठीत यापेक्षा नितळ काही नाही. भाचीनं चार पानं वाचली. ‘‘मावशी, हे कुठलं मराठी आहे?’’ सीमाभागातली ती कानडी वळणाची बोली मला गोड वाटते, तिला ती अडथळ्याची शर्यत वाटली. मी आग्रह केला नाही. लंपन थांबेल.

मग माझ्या स्वतःच्या कपाटातली मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ काढली. २००४ची कादंबरी, गोष्ट आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची. जोशीला शिरोडकर आवडते, एवढंच. पोरं त्यात पोरांसारखीच बोलतात, म्हणजे आचकटविचकटही. त्या पानांवर मी बराच वेळ घुटमळले. मग मधल्या सुट्टीत आमच्या शाळेच्या नळापाशी जे कानावर पडतं ते आठवलं आणि पानं तशीच राहू दिली. बहिणीला मात्र आधी सांगून ठेवलं. तिनं विचारलं, ‘‘पळून जातात का?’’ म्हटलं नाही. ‘‘मरतात?’’ नाही. ‘‘मंग काय होतं?’’ शिरोडकर गाव सोडून जाते. बहीण थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘दे मग.’’

भाचीला शेवट सांगावाच लागला, करार होता. तोंड वाकडं झालं, पण कुणी मरत नाही यावर भागलं. तिनं ते पुस्तक सुरुवातीपासून वाचलं असेल असं कुणी समजू नये. ती बोट फिरवत पानं उलटायची आणि ‘शिरोडकर’ हा शब्द दिसला की थांबायची. तेवढाच परिच्छेद वाचायचा, पुढचं पान. नाव दिसेना तेव्हा वैतागायची, ‘‘आता कुठं गेली ही?’’ आणीबाणीची पानं अर्थातच कोरडी राहिली. पण दोन-तीन दिवसांनी गाडं अडलं. सुऱ्या कोण, चित्र्या कोण, नरूमामाला जोशी हे सगळं काहून विचारतो, हे कळेना. मला विचारलं. मी भाजी निवडत होते, म्हटलं, मागं लिहिलंय. मग ती मागं गेली. मागं गेलेली पुढं कधी आली ते मला कळलं नाही. एकदा मोबाईल चार्जिंगला लावलेला तसाच राहिलेला दिसला, इतकंच.

पुस्तक संपल्यावर आनंद वगैरे काही नाही, उलट तक्रार. ‘‘सगळं तोच सांगतो. तिला काय वाटत होतं ते कुठंय?’’ मी म्हटलं, गोष्ट जोशी सांगतोय ना. ‘‘मग शिरोडकरनं सांगितलेली दे.’’

तशी माझ्याकडे नाही. सोळाव्या वर्षाची चार नावं आठवली, विशीची दहा. बारा-तेराव्या वर्षीच्या पोरीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली, लग्नावर न संपणारी, आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातली प्रेमाची गोष्ट मला आठवेना. त्या शनिवारी तिला घेऊनच वाचनालयात गेले. ग्रंथपालांनी मागणी रजिस्टर पुढे केलं. तिनं ‘शिरोडकरची गोष्ट’ असं लिहिलं, खोडलं, आणि ‘मुलीनं सांगितलेली लव्हस्टोरी, शेवट कसाही चालेल’ असं लिहिलं.

‘‘लेखकाचं नाव?’’ ग्रंथपालांनी विचारलं.

‘‘ते तुम्ही बघा,’’ ती म्हणाली.