चार विसा आणि एकोणीस

‘फुकट ते पौष्टिक’ हे आपल्या होस्टेलचं अघोषित ब्रीदवाक्य! लग्नाची पंगत असो की सीनियरची जुनी जर्नल्स, आपण कधी नाही म्हणत नाही. पण फुकटात फ्रेंच शिकायला निघालेला येडा बहुधा मी एकटाच.

झालं असं, की फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलं, 2030 पर्यंत भारतातले 30,000 विद्यार्थी फ्रान्समध्ये शिकायला हवेत. ही बातमी मी मेसमध्ये वाचली आणि मनात म्हटलं, त्या तीस हजारांत नंदुरबारचा एक का नको? रूम पार्टनर म्हणाला, ‘आधी एम-थ्री काढ.’ असो.

नावाजलेला क्लास म्हणजे अलियाँस फ्राँसेझ. तो पुण्या-मुंबईला. ऑनलाइन वर्ग असतात, पण फी? बाबा मिरचीच्या पथारीवर हमाली करतात. म्हणून मग मोबाईल उघडला आणि ‘फ्री’ लिहिलेलं पहिलंच ॲप घेतलं. सात दिवस फ्री होतं. आठव्या दिवशी ७९९ रुपये कापले गेले. खातं बाबांचं! संध्याकाळी त्यांचा फोन, ‘कसला मेसेज आला रे?’ मी म्हटलं, ‘परीक्षा फी.’ ते ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. दोन दिवसांची मजुरी होती ती.

त्यानंतर नियमच केला : जिथे सुरुवातीलाच कार्ड किंवा यूपीआय मागतात, तिथून परत फिरायचं. शोधता शोधता खरोखर फुकट असलेली ठिकाणं सापडली, ती सांगतो.

पहिलं, ‘लँग्वेज ट्रान्सफर’. एक शिक्षक एका विद्यार्थ्याला शिकवतो, आपण ऐकायचं आणि विद्यार्थ्याच्या आधी उत्तर द्यायचं. पाठांतर नाही. मेसच्या रांगेत उभ्या उभ्या होतं. दुसरं, ‘टीव्ही5 माँद’ या फ्रेंच वाहिनीचे धडे. छोटी व्हिडिओ क्लिप बघा, मग प्रश्न सोडवा. अगदी नवशिक्यांसाठी ए1 पातळी आहे, तिथूनच सुरू करा. तिसरं, अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाचं ‘फ्रान्से अँतेराक्तिफ’. अख्खं पुस्तक मोफत उतरवून घेता येतं. नेट गेलं तरी अभ्यास चालू! आणि थोडं जमायला लागलं, की ‘आरएफआय’ रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र. सोबत लिखित मजकूरही मिळतो. मला पहिल्या दिवशी फक्त ‘फ्रान्स’ एवढाच शब्द कळला होता!

पण खरी अडचण निराळीच. मी मराठी मीडियमचा. नवशिक्यांसाठीचं स्पष्टीकरण बहुतेक इंग्रजीत. म्हणजे दोन परक्या भाषांशी एकदम कुस्ती. महिनाभर वाटलं, हे आपलं काम नव्हे. मग एक दिवस दोनशे पानी वही घेतली आणि सगळं मराठीत लिहायला लागलो. आणि गंमत पहा! ‘तू’ आणि ‘व्हू’ यांत फरक काय, यावर इंग्रजी धड्यात पानभर मजकूर. माझ्या वहीत एकच ओळ : तू आणि तुम्ही. निर्जीव वस्तूंना लिंग कसं, याचं इंग्रजीवाल्यांना केवढं आश्चर्य! आपण तर लहानपणापासून तो दगड, ती खुर्ची म्हणतो. फक्त त्यांच्यात नपुंसकलिंग नाही, म्हणून आपलं ‘ते’ टेबल तिकडे ‘ती’ होतं. ‘बोकू’ (म्हणजे पुष्कळ) लिहायला रोमनमध्ये आठ अक्षरं लागतात, वहीत दोनच लागली. पण सावध राहा, स्पेलिंग शेवटी त्यांचंच लिहावं लागतं आणि नाकातले स्वर ऐकल्याशिवाय येत नाहीत.

एवढं करूनही गाडी अडली आकड्यांवर. सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’. ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’. नव्व्याण्णव म्हणजे ‘चार-वीस-दहा-नऊ’! हे मोजणं आहे की व्हायवा? वैतागून वही मिटली आणि दिवाळीला घरी गेलो.

घरामागे आजी गोवऱ्या रचत होती. मी हाताखाली. ती मोजत होती, एक ईस, दोन ईस, तीन ईस... शेवटची गोवरी ठेवून म्हणाली, ‘चार ईस नि एकोनीस.’

मी तिथेच उभा राहिलो. लहानपणी मी तिला हसायचो, ‘आजी, नव्व्याण्णव म्हण ना!’ शाळेत जाऊन मीच ते मोजणं विसरलो होतो. आणि तेच मोजणं पॅरिसमध्ये आज रोज चालतं. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये नव्वदला सरळ वेगळा शब्द आहे बरं का!) ज्याला अडाणी म्हणून हसलो, तेच शिकायला इंटरनेट पालथं घालत होतो.

त्या रात्री जेवताना बाबांना खरं सांगितलं. ते ७९९ परीक्षेचे नव्हते. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, ‘शिकना का मंग?’

मी नव्व्याण्णव म्हणून दाखवलं : कात्र-व्हँ-दीझ-नफ. आजीला अर्थ सांगितला. ती म्हणाली, ‘बराबर शे.’ बाबा हसले.

आता पुढे डेल्फ ए1 ही परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी 25 गुण. एकूण 50 हवेत आणि प्रत्येक भागात किमान 5. शिकणं फुकट, पण या परीक्षेला फी आहे. ज्युनियर्सच्या ड्रॉइंग शीट काढून देऊन ती साठवतोय. या वेळी बाबांना ‘परीक्षा फी’ सांगेन, तेव्हा ते खरं असेल.

आणि हो, कुणाला वही हवी असेल तर रूमवर या. फुकट आहे. कार्ड मागणार नाही!