तुळशीबागेत कान टवकारून

शनिवारी हाफ-डे मिळाला की पुण्यातल्या कुठल्याही मुलीची पावलं तुळशीबागेकडे वळतात. माझी तर डोळे मिटूनसुद्धा. पेशवाईतल्या राम मंदिराभोवतीच्या त्या गल्ल्यांत झुमके, चांदबाली, रिंगा नुसत्या झुलत असतात. या वेळी मात्र पर्समध्ये आजीच्या कुड्या होत्या. मध्ये एक आणि भोवती सहा, असं सात मोत्यांचं फूल. पुढच्या आठवड्यात माझं रजिस्टर लग्न, आणि कानात दुसरं काही घालायचं नाही हे पक्कं. पण कॉलेजात मिरवलेल्या जडशीळ झुमक्यांनी डावा कान ओघळलाय. कुडी चक्क मान टाकते!

दुकानातल्या काकूंनी आधी बुगडीच पुढे केली. (कानाच्या वरच्या कडेला घालतात, टोचायचं नसेल तर दाबाचीही मिळते. मोह झाला, पण आवरला.) मग कान निरखून म्हणाल्या, ‘‘अगं, झुमक्यांना वेल लावले असतेस तर वजन केसांनी पेललं असतं. आता फिरकीआधी ही चकती घाल.’’ इवलीशी, पारदर्शक. कुडी सरळ!

आईला लगेच फोन लावला.

‘‘चार घे,’’ ती म्हणाली, ‘‘माझेही ओघळलेत.’’