हिवतापानंतरचा ताप

सोयाबीन निघालं आणि माझ्या धाकट्या भावाला थंडी वाजून ताप आला. आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. इकडे हिवतापाचं कोणाला नवल नाही. आशाताईंनी बोटातून रक्त घेऊन किटवर पाहिलं. व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप निघाला. 3 दिवस क्लोरोक्विन, 14 दिवस प्रायमाक्विन. ताप उतरला, तसा तो कापूस वेचायलाही गेला.

प्रायमाक्विन चालू असतानाच ताप परत आला. आता डाव्या बरगड्यांखाली दुखायचं, श्वास घेतला की कळ यायची. डावा खांदाही दुखे. ओझ्याने भरला असेल, असं तो म्हणाला. रक्ताची काच पुन्हा तपासली, तर हिवतापाचे जंतू नव्हते. मग ताप कशाचा?

शेजारच्या आजीने पोटाला एरंडेल चोळायला सांगितलं. भावजयीने चोळू दिलं नाही, हे फार बरं झालं. सुजलेली पाणथरी (प्लीहा) चोळण्यानेही फुटू शकते आणि पोटात रक्तस्राव होतो, हे नंतर कळलं.

शेगावला सोनोग्राफी केली. पाणथरी वाढलेली, आत पू. तसेच अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी नीट समजावलं. हिवतापात बिघडलेल्या लाल पेशी गाळता गाळता पाणथरी फुगते. कधी तिच्या एखाद्या भागाचं रक्त बंद पडून तो मरतो. रक्तातून आलेले जिवाणू तिथे वाढतात. हिवतापाच्या गोळ्यांनी ते मरत नाहीत. असं क्वचित होतं, पण उशीर झाला तर जीव जातो. म्हणून सांगतो, हिवताप उतरून पुन्हा ताप आला आणि डाव्या कुशीत दुखलं, तर सोनोग्राफीचं विचाराच.

सोनोग्राफीत बघत सुई घातली, नळी ठेवून पू काढला. थोडा तपासणीला पाठवला, म्हणजे कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल ते कळतं. संमतीच्या कागदावर गरज पडल्यास पाणथरी काढण्याचंही लिहिलं होतं. भावजयीला मी तेवढी ओळ वाचून दाखवली नाही. पाणथरी काढली, तर न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लसी घ्याव्या लागतात. तशी वेळ आली नाही.

गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि जुने रिपोर्ट पिशवीत होते, त्यावरून डॉक्टरांनी तारखा जुळवल्या. रेशनकार्ड आणि आधारही होतं. आरोग्यमित्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद भरून दिले.

फेरतपासणीत पुवाची जागा लहान झालेली दिसली. अँटिबायोटिक अजून चालू आहे. जड उचलायला मनाई आहे, म्हणून कापसाची गाठोडी यंदा मीच उचलतो.